‘म्वाना’चे गणगोत : प्रस्तावना

कॅमेरूनच्या किनाऱ्यावरच्या दुआला भाषेत मुलाला ‘मुना’ म्हणतात आणि मुलांना ‘बाना’. युगांडात गांडा भाषेत एक असेल तर ‘ओम्वाना’, अनेक असतील तर ‘अबाना’. रवांडात ‘उम्वाना’ आणि ‘अबाना’. कांगो नदीच्या दोन्ही तीरांवर बोलल्या जाणाऱ्या लिंगालात ‘म्वाना’ आणि ‘बाना’. झिंबाब्वेच्या शोना भाषेत ‘म्वाना’ आणि ‘वाना’, मलावीच्या चेवा भाषेत ‘म्वाना’ आणि ‘आना’, बोट्स्वानाच्या त्स्वाना भाषेत ‘ङ्वाना’ आणि ‘बाना’. पार खाली हिंदी महासागराच्या कडेला, डर्बनच्या आसपास झुलू बोलली जाते. तिथे मूल ‘उम्न्त्वाना’ असते आणि मुले ‘अबान्त्वाना’. दुआलापासून डर्बन सरळ रेषेत मोजले तरी चार हजार किलोमीटरांहून लांब आहे. वाटेत विषुववृत्ताचे घनदाट जंगल लागते, मोठमोठी सरोवरे लागतात, गवताळ पठारे लागतात. हा सगळा मुलूख कधीही एका राजाच्या अमलाखाली नव्हता. सगळ्यांचा मिळून एक धर्मग्रंथ नव्हता, एक लिपी नव्हती, एक बाजारपेठही नव्हती. तरीही लेकराला हाक मारायचा शब्द एकच राहिला.

हे कसे झाले आणि एवढ्या प्रवासात त्या शब्दाने काय काय सोसले व काय काय कमावले, हा या पुस्तकाचा विषय. आफ्रिकेबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा प्रवासाचे, वन्यप्राण्यांचे किंवा राजकारणाचे असते. तिथली माणसे घरात एकमेकांशी कशी बोलतात, याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. एका शब्दाचे बोट धरून त्या घरांत शिरता येते, असे मला मनापासून वाटते.

या भाषांना मिळून ‘बांतू’ असे नाव आहे. ‘न्तु’ म्हणजे माणूस आणि ‘बा’ हा अनेकवचनाचा उपसर्ग. म्हणून ‘बांतू’ म्हणजे माणसे. विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने केपटाउनमध्ये काम करताना हे नाव रूढ केले. दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांच्या त्याच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला भाग 1862 साली निघाला. आज बांतू म्हणून गणल्या जाणाऱ्या भाषा सुमारे 500 आहेत आणि त्या बोलणारे लोक तीस कोटींहून अधिक. त्यांचे मूळ ठिकाण नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या सरहद्दीवर कुठेतरी असावे आणि तिथून चार ते पाच हजार वर्षांपूर्वी लहान लहान टोळ्या पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे सरकू लागल्या असाव्यात, यावर अभ्यासकांचे बव्हंशी एकमत आहे. हे एखाद्या फौजेचे कूच नव्हते. दोन-चार कुटुंबे नव्या जमिनीच्या शोधात पुढे जायची, वस्ती करायची, आणि त्यांची नातवंडे आणखी पुढे जायची. भाषा फुटत गेली ती अशी, पिढीपिढीने.

या भाषांची रचना समजल्याशिवाय आपल्या शब्दाची गंमत कळणार नाही, म्हणून थोडे व्याकरण इथेच सांगतो. मराठीत नामाचे शेपूट बदलते: मुलगा, मुलगे, मुलगी, मुली. बांतू भाषांत नामाचे तोंड बदलते. स्वाहिलीत मुलाला रोजच्या बोलण्यात ‘म्तोतो’ म्हणतात, अनेकवचन ‘वातोतो’. एक लहान मूल झोपले आहे, हे सांगायचे तर ‘म्तोतो म्दोगो म्मोजा अमेलाला’. दोन लहान मुले झोपली आहेत, हे सांगायचे तर ‘वातोतो वादोगो वाविली वामेलाला’. दुसऱ्या वाक्यात चारही शब्दांनी डोक्यावर ‘वा’ घेतला आहे. मूल, लहान, दोन, झोपली: सगळे एका सुरात. आता तेच मूल अगदी तान्हे आहे असे दाखवायचे असेल तर ‘म’ काढून ‘कि’ लावायचा, की झाले ‘कितोतो’. ‘उतोतो’ म्हणजे बालपण. सगळा संसार उपसर्गावर चालतो. अशा उपसर्गांचे वर्ग असतात. माणसांचा एक, झाडांचा एक, वस्तूंचा एक, आणि असे दहा-पंधरा तरी. आपल्याकडे तीन लिंगे आहेत, तिकडे हे वर्ग आहेत. मात्र या वर्गांना स्त्री-पुरुष भेदाशी काही देणेघेणे नाही. ‘अमेलाला’ म्हणजे तो झोपला, ती झोपली, ते झोपले, काहीही. मूल मुलगा आहे की मुलगी, हे सांगायची सक्ती ही भाषा करत नाही. सांगावेसे वाटले तर वेगळा शब्द जोडावा लागतो.

हा उपसर्गांचा मेळ युरोपीय माणसाने पहिल्यांदा नीट ओळखून लिहिला तो 1659 साली. जाचिंतो ब्रुशोत्तो या इटालियन धर्मोपदेशकाने कांगो भाषेचे लॅटिनमधले व्याकरण रोममध्ये छापले. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण गोव्यात रायतूरला 1640 साली छापले गेले होते. म्हणजे ही दोन व्याकरणे जवळजवळ एकाच पिढीतली. पोर्तुगीजांच्या समुद्रमार्गाच्या दोन टोकांना धर्मप्रसारासाठी का होईना, पण परक्या माणसांची बोली कान देऊन ऐकली जात होती.

आता मुळाकडे. कोणी विचारेल की असे शब्द तर जगात सगळीकडेच सारखे दिसतात; आपण बाबा म्हणतो, स्वाहिलीतही ‘बाबा’ म्हणजे बाप आणि ‘मामा’ म्हणजे आई, मग त्यात विशेष काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण याच वाटेने पुष्कळ हौशी लोक स्वाहिली संस्कृतातून निघाल्याचे सिद्ध करत बसतात. बाबा आणि मामा हे शब्द तान्ह्या मुलाच्या ओठांवर आपोआप उमटणाऱ्या ध्वनींतून होतात. रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1960 च्या सुमाराला यावर एक गाजलेला निबंध लिहिला. असे शब्द कुठेही, केव्हाही, नव्याने जन्माला येतात. त्यांच्यावरून नाते ठरवता येत नाही. ‘म्वाना’चे तसे नाही. हा मुलाने उच्चारलेला शब्द नाही, मोठ्यांनी मुलाबद्दल वापरलेला आहे. आणि तो नुसता सारखा दिसतो म्हणून पुरावा ठरत नाही. तो जिथे बदलला तिथे शिस्तीने बदलला म्हणून पुरावा ठरतो.

शिस्त कशी, ते पाहा. अनेकवचनाचा मूळ उपसर्ग ‘बा’. तो झुलूत आणि गांडात ‘अबा’ म्हणून टिकला, त्स्वानात ‘बा’, शोनात त्याचा ‘वा’ झाला, स्वाहिलीतही ‘वा’ झाला पण ओठ गोल करून म्हणायचा, आणि चेवात ब पार गळून नुसता ‘आ’ उरला. हे एकट्या मुलाच्या शब्दात घडले असते तर योगायोग म्हणता आला असता. माणसांसाठीचा शब्द घ्या: झुलूत ‘अबान्तु’, त्स्वानात ‘बाथो’, शोनात ‘वान्हु’, स्वाहिलीत ‘वातु’, चेवात ‘आन्थु’. जिथे मुलांच्या तोंडचा ब गेला तिथे माणसांच्याही तोंडचा गेला. अंगोलात लुआंडाच्या आसपास किंबुंदू बोलली जाते. ती चेवाहून खूप दूर, खंडाच्या दुसऱ्या कडेला. तिथेही मुले ‘आना’ आणि माणसे ‘आतु’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच ब टाकला, आणि दोघींनीही तो पुरताच टाकला.

एकवचनाकडे आणखी रंगतदार गोष्टी आहेत. मूळ रूप ‘मु-याना’ असे काहीतरी होते. ‘याना’च्या पहिल्या स्वरावर चढा सूर आणि दुसऱ्यावर उतरता, कारण यांतल्या बहुतेक भाषा सुरांच्या आहेत. मधला य निघून गेला, उ आणि आ जवळ आले आणि ‘म्वा’ झाला. सोथो-त्स्वाना गटात या ‘म्व’चा ‘ङ्व’ होतो, म्हणून ‘ङ्वाना’. किंबुंदूत दोन स्वर मिसळून ओ झाला आणि शब्द झाला ‘मोना’. त्याच्या दक्षिणेला उंबुंदू भाषेत न नाहीसा होऊन ल आला, पण जाताना तो आपला नाकातला आवाज स्वरांना देऊन गेला. ‘ओमोला’ आणि ‘ओमाला’ हे शब्द तिथे नाकातून म्हणतात. आणि वायव्येकडे, बांतू भाषांच्या मूळ घराजवळच्या कॅमेरूनमध्ये, शब्द झिजून झिजून एका अक्षरावर आला आहे: बासा भाषेत ‘मान्’ आणि ‘बॉन्’, इवोन्दोत ‘मॉन्’ आणि ‘बॉन्’. जे लोक दूर गेले त्यांनी शब्द बराचसा अखंड जपला आणि जे घराजवळ राहिले त्यांच्याकडे तो सर्वांत जास्त झिजला. भाषांच्या इतिहासात असे वारंवार दिसते, तरी दर वेळी मला त्याचे नवल वाटते.

हे सगळे बारकाईने जुळवण्याचे श्रेय काही मोजक्या लोकांना जाते. कार्ल माइनहोफ याने 1899 साली बांतू भाषांच्या ध्वनिनियमांचे पहिले व्यवस्थित पुस्तक लिहिले. माल्कम गथ्री याने 1967 ते 1971 या काळात चार खंडांत या भाषांचा तौलनिक कोश उभा केला आणि प्रत्येक भाषेला अक्षर-आकड्यांचा पत्ता दिला. तो पत्ता आजही वापरतात. बेल्जियममधल्या तेरव्हुरेन इथल्या संग्रहालयात त्यानंतरचे पुनर्रचनेचे काम झाले. पण माझा जीव जास्त गुंततो तो बेनेडिक्ट व्हिलाकाझी यांच्यात. क्लेमंट डोक यांच्याबरोबर त्यांनी झुलूचा मोठा कोश रचला. ते स्वतः झुलू कवी होते, दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. कोश 1948 साली छापून आला; व्हिलाकाझी 1947 मध्येच वारले होते. आपल्याच भाषेतले शब्द जमवणाऱ्या माणसाच्या कानाला जे ऐकू येते ते बाहेरून आलेल्या पंडिताला क्वचितच ऐकू येते.

शब्दाचा आकार झाला, आता अर्थ. आणि इथे मला जे सांगायचे आहे ते सांगतो: बांतू भाषांतला हा जुना शब्द वयाचा नाही, नात्याचा आहे. म्वाना म्हणजे ‘लहान माणूस’ असे समजून चाललो तर पुढचे काहीच जुळत नाही. म्वाना म्हणजे कुणाचा तरी, कशाचा तरी झालेला माणूस. मग तो साठ वर्षांचा असला तरी चालतो.

स्वाहिलीत हे लख्ख दिसते. ‘म्वानाफुंझी’ म्हणजे विद्यार्थी, ‘म्वानाजेशी’ म्हणजे सैनिक, ‘म्वानाशेरिया’ वकील, ‘म्वानासियासा’ राजकारणी, ‘म्वानामुझिकी’ गवई, ‘म्वानाचामा’ पक्षाचा किंवा संघटनेचा सभासद, आणि ‘म्वानाआंगा’ अंतराळवीर. जेशी, शेरिया, सियासा हे शब्द अरबी-फारसीकडून आलेले. आपल्याही कानाला ते अनोळखी नाहीत. त्यांना ‘म्वाना’ जोडला की त्या क्षेत्रात जन्मलेला, त्याचा झालेला माणूस तयार होतो. ‘म्वानाम्के’ म्हणजे बाई, अनेकवचन ‘वानावाके’; दोन्ही घटक आपापले अनेकवचन घेतात, इतकी या शब्दाला अजून आपल्या जुन्या जोडाची आठवण आहे. प्रौढ बाईला म्हणायच्या शब्दातच मूल बसलेले आहे, आणि ते ऐकताना कुठल्याही स्वाहिली माणसाला वयाचा संबंध जाणवत नाही.

सर्वांत महत्त्वाचा जोड ‘म्वानांची’. ‘न्ची’ म्हणजे देश. टांगानिका 1961 साली आणि केनिया 1963 साली स्वतंत्र झाल्यावर पुढाऱ्यांनी व्यासपीठावरून लोकांना हाक घातली ती ‘वानांची’ म्हणून. तो शब्द केनियाच्या इंग्रजीतही शिरला आणि सामान्य नागरिकाचा वाचक झाला. पुढे केनियात त्याच्या जोडीला ‘वेन्येन्ची’ असा शब्द आला, म्हणजे देशाचे मालक. देशाची लेकरे कोण आणि देशाचे मालक कोण, हा भेद लोकांनी दोन शब्दांत मांडला. लिंगालात नागरिकाला ‘म्वाना म्बोका’ म्हणतात, गावाचे किंवा देशाचे लेकरू. शोनात ‘म्वाना वेव्हु’, मातीचे लेकरू. झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यलढ्यात हा शब्द घोषणेसारखा वापरला गेला. आपल्याकडचा ‘भूमिपुत्र’ इथे चटकन आठवतो. पण आपण पुत्र म्हणतो, तिथे कन्या बाहेर राहते. ‘म्वाना वेव्हु’त दोघेही आहेत.

मग खरोखरच्या लहान मुलाला काय म्हणायचे? जुना शब्द नात्यात गुंतल्यावर ती जागा रिकामी पडते आणि नवे शब्द ती भरतात. स्वाहिलीत ‘म्तोतो’ आला आणि ‘म्वाना’ थोडा भारदस्त, थोडा काव्यातला झाला. किनाऱ्यावर तर तो मानाचा शब्द होता. पाटे बेटावरच्या म्वाना कुपोना या कवयित्रीने 1858 साली आपल्या लेकीसाठी उपदेशपर दीर्घकाव्य रचले. तिच्या नावातला ‘म्वाना’ म्हणजे ‘बाईसाहेब’. झुलूत आज लहान मुलाला ‘इंगाने’ म्हणतात, तर ‘उम्न्त्वाना’ हा शब्द मुलासाठी आहेच, शिवाय राजघराण्यातल्या माणसाची ती पदवीही आहे. झुलू पुढारी मांगोसुथू बुथेलेझी नव्वदीत पोचले तरी ‘उम्न्त्वाना’च होते. नामिबियाच्या न्दोंगा भाषेत पोटचे मूल ‘ओमोना’ आणि नुसते लहान मूल ‘ओकानोना’. इथला ‘का’ हा लहानपणाचा उपसर्ग. म्हणजे नाते एका शब्दाकडे आणि वय दुसऱ्याकडे, अशी वाटणी पूर्वेला झाली, नैर्ऋत्येलाही झाली.

‘म्तोतो’ने मात्र वय घेता घेता घरातल्या वस्तूही घेतल्या. स्वाहिलीत टेबलाच्या खणाला ‘म्तोतो वा मेझा’ म्हणतात, टेबलाचे मूल. मोतीबिंदूला ‘म्तोतो वा जिचो’, डोळ्यातले मूल. आपण डोळ्यात बाहुली पाहतो. त्यांना त्यात लेकरू दिसले, आणि तेही आजारपणाचे.

दक्षिणेकडच्या भाषांत जुन्या शब्दाने वेगळाच उद्योग केला. तो नामांच्या मागे जाऊन बसला आणि लहानपणाचा प्रत्यय बनला. झुलूत ‘इंजा’ म्हणजे कुत्रा, ‘इंजाना’ छोटा कुत्रा. ‘इन्ताबा’ डोंगर, ‘इन्तात्शाना’ टेकडी. ‘इंकोसी’ राजा, ‘इंकोसाना’ राजपुत्र किंवा घराचा वारस. त्स्वानात राजाला ‘क्गोसी’ म्हणतात आणि त्याच्या हाताखालच्या वाडीप्रमुखाला ‘क्गोसाना’. ‘उम्न्त्वाना’ हा शब्दही ‘उमुन्तु’ म्हणजे माणूस आणि ‘आना’ यांच्या जोडातून आला, असे मानतात. म्हणजे झुलूने मूल हा शब्द आधी प्रत्यय म्हणून खर्च केला आणि मग त्याच प्रत्ययाने पुन्हा मूल घडवले. घाना-टोगोकडची एवे भाषा बांतू नाही, पण तिथेही मुलासाठीचा ‘वी’ हा शब्द लहानपणाचा प्रत्यय झाला आहे. माणसाची बुद्धी दोन्हीकडे एकाच वाटेने गेली.

इथे वाचकाला एक सावधगिरीची सूचना. आफ्रिकेच्या नकाशावर दिसणारा प्रत्येक ‘आना’ हा आपला ‘आना’ नव्हे. घाना हा वेगळ्याच कुळातला शब्द. स्वाहिलीत ‘पेंडा’ म्हणजे प्रेम करणे आणि ‘पेंडाना’ म्हणजे एकमेकांवर प्रेम करणे. हा ‘आना’ क्रियापदाचा, परस्परतेचा, आणि त्याचे मूळ निराळे. त्स्वाना या नावात तर मूल शोधायला जाऊच नये.

किकुयू आणि कांबा या केनियातल्या दोन भाषांनी मला बराच काळ अडवून ठेवले. किकुयूत मूल ‘म्वाना’, नेहमीसारखे माणसांच्या वर्गात. पण मुले ‘शियाना’, आणि कांबात ‘स्याना’. हा उपसर्ग माणसांचा नाही, वस्तूंच्या वर्गाचा आहे. एक मूल माणूस आणि चार मुले वस्तू, असे का? मराठी वाचकाने याला हसण्याआधी आपल्या घरात पाहावे. आपण ‘तो माणूस’, ‘ती बाई’ म्हणतो, पण ‘ते मूल’, ‘ते बाळ’, ‘ते लेकरू’, ‘ते पोर’. नपुंसकलिंग. लाडाचे आणि लहानपणाचे जे आहे त्याला माणसांच्या रांगेतून थोडे बाजूला काढून ठेवावे, ही ओढ दोन्हीकडे आहे. यात मुलाला कमी लेखणे नाही, उलट फार जवळ घेणे आहे, असे माझे मत.

भाषा किती बदलल्या आणि किती एक राहिल्या, हे एका म्हणीत जितके दिसते तितके कोष्टकांत दिसत नाही. शोनात म्हणतात, ‘म्वाना असिंगाचेमी अनोफिरा मुम्बेरेको’. त्स्वानात म्हणतात, ‘ङ्वाना यो ओ सा लेलेंग ओ स्वेला थारिंग’. अर्थ एकच: जे मूल रडत नाही ते झोळीतच मरते. आई मुलाला कातड्याच्या किंवा कापडाच्या झोळीत पाठीवर बांधून शेतात काम करते. मूल ओरडले नाही तर तिला कळणार कसे? आपल्याकडे रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, तेच हे, पण अधिक कठोर. आता शब्द उघडून पाहा. रडणे दोघींकडे वेगळे, ‘चेम’ आणि ‘लेल’. झोळी वेगळी, ‘म्बेरेको’ आणि ‘थारी’. मरणे वेगळे दिसते, ‘फा’ आणि ‘स्वा’. पण ध्वनिनियम लावले की दोन्ही एकाच मुळाचे निघतात. ‘झोळीत’ मधला ‘त’ शोना पुढे लावते, ‘मु’ म्हणून. त्स्वाना तो आपल्यासारखा मागे लावते, ‘ंग’ म्हणून. आणि ‘म्वाना’ व ‘ङ्वाना’ हे तर आपले जुने ओळखीचे. दोन बहिणींनी वेगवेगळ्या घरी जाऊन आईचे एकच वाक्य आपापल्या बोलीत सांभाळले आहे.

मूल नात्याने ओळखायचे, तसे आईबापही मुलावरून ओळखायचे. पूर्व आफ्रिकेत मूल झालेल्या बाईला शेजारी ‘मामा जुमा’ म्हणून हाक मारतात, जुमाची आई. आपल्या चाळींतही हे सर्रास चाले आणि चालते. युगांडातल्या बुगांडात जुळी मुले झालेल्या आईला ‘न्नालोंगो’ आणि बापाला ‘स्सालोंगो’ ही पदवी मिळते. ती आयुष्यभर टिकते आणि लोक ती अभिमानाने मिरवतात. जुळ्यांची नावेही ठरलेली: मुलगे असतील तर वास्वा आणि कातो, मुली असतील तर बाबिर्ये आणि नाकातो. चुलता हाही बापच असतो, धाकटा किंवा थोरला. मावशी हीही आईच. म्हणून ‘तुम्हाला मुले किती?’ या साध्या प्रश्नाला तिथे भावाबहिणींची मुले धरून उत्तर येऊ शकते, आणि ते उत्तर खोटे नसते.

एका कडू गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. माणसे असा ज्याचा अर्थ, त्या ‘बांतू’ शब्दाचा दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीने वंशाचा शिक्का केला. 1953 साली ‘बांतू शिक्षण कायदा’ आला. काळ्या मुलांना मुद्दाम निकृष्ट शिक्षण देण्याची ती व्यवस्था होती. पुढे अर्धे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवण्याची सक्ती झाली, आणि 16 जून 1976 रोजी सोवेटोत शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कोणत्या भाषेतून शिकायचे, या प्रश्नासाठी मुलांनी जीव दिला. 1991 पासून तो दिवस आफ्रिकी बालकांचा दिवस म्हणून पाळला जातो. या इतिहासामुळे दक्षिण आफ्रिकेत ‘बांतू’ हा शब्द आजही अनेकांना टोचतो आणि काही अभ्यासक ‘सिंतू’ म्हणणे पसंत करतात. या पुस्तकात ‘बांतू’ आला आहे तो केवळ भाषाकुळाचे नाव म्हणून. माणसांना उद्देशून मी तो कुठेही वापरलेला नाही, आणि वाचकांनीही वापरू नये.

आपला या जगाशी संबंध अगदीच नाही असे नाही. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या इतिहासात आहेतच. गुजरातेतल्या सिद्दींच्या नाचगाण्याला ‘गोमा’ म्हणतात; स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल आणि ढोलावरचा नाच. उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीतले सिद्दी कोकणीचा एक प्रकार बोलतात. या लोकांचे पूर्वज पोर्तुगीज आणि अरब जहाजांतून, बहुतेकदा गुलाम म्हणून, आले. उलट दिशेने आपल्याकडचे व्यापारी पूर्व किनाऱ्यावर गेले आणि स्वाहिलीत ‘गारी’, ‘दुका’, ‘बिमा’, ‘लाकी’ हे शब्द ठेवून आले. गाडी, दुकान, विमा, लाख. दोन किनाऱ्यांमध्ये शब्दांची ये-जा शतकानुशतके चालू होती, तिचा हिशेब मराठीत अजून मांडायचा आहे.

पुस्तक वाचण्याबद्दल दोन शब्द. प्रत्येक भाषेचे एकवचन आणि अनेकवचन मी जोडीनेच दिले आहे, कारण बांतू शब्द एकटा पाहिला तर अर्धाच कळतो. देवनागरीत सूर दाखवता येत नाहीत, ‘ङ’ हे अक्षर आपण फारसे लिहीत नाही आणि शोनाचा व व स्वाहिलीचा व आपल्याकडे एकाच अक्षरात येतात. ही लिपीची मर्यादा आहे. म्हणून शब्द मोठ्याने म्हणून पाहा आणि शेवटून दुसऱ्या अक्षरावर थोडे रेंगाळा, म्हणजे तुमचा उच्चार पुष्कळसा तिकडच्यासारखा होईल.

नैरोबी, दार एस सलाम, कंपाला, लुसाका, हरारे, जोहान्सबर्ग इथे अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. शेजारच्या, कामावरच्या, बाजारातल्या माणसांना त्यांच्या घरच्या भाषेत मुलाला काय म्हणतात ते विचारा. राज्यभाषेत नव्हे, घरच्या भाषेत. एक मूल आणि अनेक मुले, दोन्ही रूपे विचारा, भाषेचे आणि गावाचे नाव लिहा, आणि सांगणाऱ्याने ज्या वाक्यात तो शब्द वापरला ते वाक्यही सोबत टिपून कळवा.